दयाळ धीट का, दयाळ भित्रा का: पक्ष्यांचे स्वभाव आणि त्यांच्या जागा

गोव्यात पेपर उघडला की दर थोड्या दिवसांनी तीच बातमी नव्या गावाच्या नावाने असते, कुठे डोंगर कापला, कुठे शेतजमिनीचं रूपांतर झालं, कुठे रस्ता रुंद करायला जुनी झाडं गेली. २०२३ च्या जुलैत हायकोर्टाने म्हादई आणि आजूबाजूचा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा असा आदेश दिला, तेव्हापासून तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा जंगलाचा विषय निघतो. आणि विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, वाघाचं एक सोडा, पण पक्ष्यांना काय, त्यांना पंख आहेत, इथलं झाड गेलं तर उडून दुसऱ्या झाडावर जातील.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय, की त्यावर नीट लिहावं असं वाटलं. कारण गेल्या तीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी रानातल्या छोट्या पक्ष्यांवर जे काम केलंय त्यातून दिसतं की पक्ष्याला नुसते पंख नसतात, स्वभावही असतो, आणि कुठला पक्षी कुठे राहील, तिथे टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या स्वभावावर ठरतं. म्हणजे "दुसरीकडे जातील" म्हणताना कोण जाणार आणि कोण नाही जाणार हा प्रश्न विचारायलाच लागतो.

स्वभाव म्हणजे नक्की काय

आधी एक गोष्ट बाजूला काढू. शिपाई बुलबुल आपल्या पायरीपर्यंत येतो आणि आपला राज्यपक्षी, तो काळ्या डोक्याचा लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, घाटातल्या जंगलात राहतो, हा झाला दोन जातींमधला फरक. इथे विषय तो नाही. इथे विषय आहे एकाच जातीतल्या दोन पक्ष्यांमधला फरक, म्हणजे हा दयाळ (बागांत गाणारा काळा-पांढरा छोटा पक्षी) आणि तो दयाळ.

चवथीला सगळे मूळ घरी जमतात तेव्हाची पोरं आठवा. एक पोर गाडीतून उतरल्या उतरल्या माळ्यावर जातं, मग विहिरीकडे, मग गोठ्यात, पंधरा मिनिटांत अख्खं घर पालथं घालून होतं. त्याचाच चुलतभाऊ आईच्या साडीमागे उभा राहून माटोळीकडे, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाकडे, बघत असतो, कुठलं फळ कुठे बांधलंय ते निरखतो, आणि संध्याकाळ झाली तरी त्या खोलीच्या बाहेर पडलेला नसतो. पुढच्या वर्षी आले तरी पहिला तसाच आणि दुसरा तसाच, आणि चवथ सोडून जत्रेला नेलं तरी पहिला पुढे पळणार आणि दुसरा हात धरणार. एकदाच घडलं तर ती त्या दिवसाची गोष्ट, पण वेळ बदलली, जागा बदलली तरी पुन्हा पुन्हा तसंच घडलं तर त्याला आपण स्वभाव म्हणतो. शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या बाबतीत अगदी हीच व्याख्या वापरतात, एकाच पक्ष्याने वेगवेगळ्या वेळी पुन्हा तसंच वागणं आणि दुसऱ्या पक्ष्याहून सातत्याने वेगळं वागणं. बस, एवढंच. त्यात पक्षी "मनात" काय म्हणतो याचा काही संबंध नाही.

साधारण पाच बाबी बघतात: धोका समोर असताना धीटपणा किती, नवीन जागा किती वेगाने धुंडाळतो, एकूण हालचाल किती, भांडकुदळपणा किती, आणि इतरांबरोबर राहायला किती आवडतं.

हे मोजतात तरी कसं

सगळ्यात गाजलेलं काम हॉलंडमध्ये झालं, ग्रेट टिट नावाच्या पक्ष्यावर. हा चिमणीएवढा, काळं डोकं पांढरे गाल आणि पिवळं पोट असलेला पक्षी युरोपात बागांपासून जंगलांपर्यंत सगळीकडे असतो, आणि माणसाने टांगलेल्या लाकडी पेटीत आनंदाने घरटं करतो, त्यामुळे शास्त्रज्ञांना तो फार सोयीचा पडतो.

पद्धत अशी. रानातून पक्षी पकडायचा, रात्रभर पिंजऱ्यात ठेवायचा, सकाळी पिंजऱ्याचं दार एका खोलीत उघडायचं. खोली साधारण चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, आत पाच लाकडी "झाडं", बाकी काही नाही. पक्ष्याने ही जागा कधी बघितलेली नाही. आता पहिल्या दोन मिनिटांत तो किती वेळा उडतो, किती उड्या मारतो ते मोजायचं. काही पक्षी दोन मिनिटांत पाचही झाडांवर जाऊन येतात, काही पहिल्याच फांदीवर बसून मान वळवत राहतात. मग पक्ष्याला पायात रंगीत कडी घालून जिथून आणला तिथे सोडून द्यायचं, आणि पुढची काही वर्षं तो कुठे राहतो, किती पिल्लं काढतो, हिवाळा काढतो की नाही याची नोंद ठेवायची. तोच पक्षी नंतर परत सापडला तर परत खोलीत सोडायचा.

परत सोडल्यावर तो पहिल्यासारखाच वागतो, अगदी तंतोतंत नाही, पण योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतपत नक्की. आणि हा स्वभाव आईबापांकडून पिल्लात उतरतो. २००२ मध्ये रानातल्या पक्ष्यांवरून काढलेला हिशोब असा होता की नवी जागा धुंडाळण्याच्या वेगातला २२ ते ४१ टक्के फरक आनुवंशिक आहे. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांपैकी काहींनी वेगवान पक्ष्यांची वेगवानांशी आणि सावकाश पक्ष्यांची सावकाशांशी जोडी लावत चार पिढ्या वाढवल्या तर तो आकडा ५४ टक्के आला. आनुवंशिक नसलेला उरलेला भागही मोठा आहे, तो पिल्लू कसं वाढलं, कुठे वाढलं, त्या दिवशी काय झालं यातून येतो.

मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. वेगवान म्हणजे हुशार आणि सावकाश म्हणजे मंद असं अजिबात निघालं नाही. खाण्याची जागा बदलली तर वेगवान पक्षी बराच वेळ जुन्याच जागी जात राहिले, त्यांची एक पद्धत ठरून गेलेली, आणि सावकाश पक्ष्यांच्या लक्षात बदल लवकर आला. साडीमागे उभं राहिलेलं पोर माटोळीतलं प्रत्येक फळ ओळखतं ना, तसंच.

"हे माणसाचे गुण पक्ष्यांना चिकटवणं झालं"

हा आक्षेप बरोबर ठिकाणी लागू होतो. कोणी म्हणालं की हा बुलबुल अभिमानी आहे आणि तो मत्सरी आहे, तर ते चिकटवणंच झालं. पण वर जे सांगितलं त्यात मोजलंय काय, तर उड्या, अंतर, वेळ, हल्ल्यांची संख्या. "धीट" हा शब्द फक्त सोयीसाठी. माणूस जवळ येताना पक्षी किती अंतरावर उडतो त्याला उड्डाण-अंतर म्हणू, दहा मीटरवर उडणारा आणि तीन मीटरवर उडणारा यातल्या दुसऱ्याला आपण धीट म्हणतो, उद्या कोणी त्याला दुसरं काही म्हटलं तरी तीन मीटर तीन मीटरच राहणार.

शिवाय शरीरातही फरक सापडतो. संकट आलं की पक्ष्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, ते कोणात किती वाढतं हे रक्ताच्या एका थेंबावरून कळतं, आणि काही पक्ष्यांमध्ये त्याचा धीटपणाशी संबंध दिसलाय. त्यावर आता येतोच.

जागेचा यात संबंध कुठे येतो

इथे खरी गंमत आहे, कारण जागा आणि स्वभाव यांचं नातं एका बाजूने चालत नाही.

पहिला मार्ग आपल्याला शाळेपासून माहीत आहे, निवड. अमेरिकेत सिएरा नेवाडा डोंगरात माउंटन चिकाडी नावाचा पक्षी आहे, तो हिवाळ्यासाठी बिया झाडाच्या सालीत वगैरे लपवून ठेवतो. डोंगरावर जितकं उंच तितका बर्फ जास्त दिवस, तितकं लपवलेल्या बियांवर अवलंबून राहणं जास्त. उंचावरच्या चिकाड्यांची जागेची स्मरणशक्ती खालच्यांपेक्षा चांगली निघाली, आणि नव्या जागेत सोडल्यावर ते खालच्यांपेक्षा सावकाश धुंडाळतात असंही दिसलं. एकच जात, एकच डोंगर, फक्त उंची वेगळी.

दुसरा मार्ग आईचा, आणि हा वाचून मी थक्क झालो होतो. माँटाना राज्यात वेस्टर्न ब्लूबर्ड म्हणून निळा पक्षी आहे, झाडाच्या ढोलीत घरटं करतो. ढोली सगळीकडे नसतात, वणव्यात जळालेल्या जंगलात सुतारपक्षी ढोली करतात तेव्हा तिथे भरपूर होतात, मग वर्षानुवर्षं जंगल परत वाढत जातं आणि ढोली कमी होतात. रेने डकवर्थ या संशोधक बाईंनी घरट्याजवळ पिंजऱ्यात दुसरा ढोलीवाला पक्षी ठेवून नर त्याच्यावर किती वेळा तुटून पडतो ते मोजलं. त्यांना दिसलं की भांडखोर नरच दूर उडून नव्या जागा बळकावतात आणि तिथे आधी आलेल्या माउंटन ब्लूबर्ड या दुसऱ्या जातीला हुसकून लावतात. पण असे नर बाप म्हणून कमी पडतात, बायको अंड्यांवर बसलेली असताना तिला खाऊ आणणं वगैरेकडे त्यांचं लक्ष कमी. त्यामुळे एकदा जागा ताब्यात आली, शेजारी स्थिरावले, की काही पिढ्यांत तिथल्या पक्ष्यांचा भांडखोरपणा उतरत जातो.

आणि पुढे २०१५ साली कळलं की यात आईचा हात आहे. घरट्याच्या जागांवरून चढाओढ असली की माद्या अंड्यात नर-हार्मोन जास्त घालतात, त्यातून निघणारे मुलगे भांडखोर होतात आणि लांब जातात. जागा मोकळी असली की मुलगे शांत निपजतात आणि जवळच राहतात. म्हणजे पिल्लू अंड्यात असतानाच त्याच्यापर्यंत बाहेरच्या जागेची परिस्थिती आईमार्फत पोचलेली असते! आता सांगा, स्वभाव जन्मजात की जागेचा, हा प्रश्न तरी उरतो का?

तिसरा मार्ग उलटा. जागा पक्ष्याला घडवत नाही, पक्षीच आपल्या स्वभावाला मानवेल अशी जागा निवडतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण न्यूझीलंडमधलं, ड्युनेडिन शहराच्या बोटॅनिक गार्डनमधलं. तिथे डनक नावाचे तपकिरी छोटे पक्षी आहेत, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून आणून सोडलेल्यांचे वंशज. बागेचा काही भाग माणसांनी गजबजलेला आणि काही भाग शांत. शास्त्रज्ञांनी एकेका ओळखीच्या पक्ष्याचं उड्डाण-अंतर पुन्हा पुन्हा मोजलं आणि दिसलं की धीट पक्षी वर्दळीच्या भागात राहतात आणि बुजरे शांत भागात.

"सवय होते हो, त्यात काय एवढं"

डनकांची गोष्ट सांगितली की लगेच हेच उत्तर येतं. वर्दळीत राहून राहून भीती मोडते, फोंड्याच्या बसस्टँडवरचा दयाळ कंडक्टरच्या ओरडण्याने दचकत नाही कारण रोज ऐकतो. तो वायरीवर शेपटी उभारून गातो, खाली बस सुरू होते, तो एक सूरही सोडत नाही. आणि मैल दोन मैलांवर कुळागरात गेलं की तिथला दयाळ पोफळींच्या मागून ऐकू येतो, आपण पाटाच्या कडेकडेने दोन पावलं पुढे टाकली की गाणं बंद, पांढरी पट्टी असलेला एक काळा पंख चमकतो आणि संपलं. सवयीने हा फरक पडू शकतो, नाही असं नाही.

म्हणून तर न्यूझीलंडमधलं काम महत्त्वाचं. त्यांनी तोच तोच पक्षी वर्षानुवर्षं मोजला होता, त्यामुळे एकेका पक्ष्यात बदल किती होतो हे त्यांना वेगळं काढता आलं. पक्षी वयाबरोबर थोडे धीट होतात हे खरं निघालं, पण धीट कुठे आणि बुजरे कुठे या मांडणीत त्या बदलाचा वाटा फार कमी होता, मुख्य कारण होतं की धीट आधीपासूनच धीट होते आणि तिथे जाऊन बसले. संशोधकांनी एक पळवाट प्रामाणिकपणे उघडी ठेवली आहे, अगदी पिल्लू असताना काही घडून गेलं असेल तर ते यात पकडलं जात नाही.

ही पळवाट पूर्ण बंद नाही, पण बरीच अरुंद करणारी एक गोष्ट कॅलिफोर्नियातली. डार्क-आइड जंको हा तिकडचा डोंगरातला पक्षी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातले काही सॅन डिएगोच्या विद्यापीठाच्या आवारात, समुद्राजवळ, इमारती आणि पार्किंगच्या मधे राहून घरटी करायला लागले. तीसेक वर्षांत आवारातले जंको डोंगरातल्यांपेक्षा धीट झालेले दिसले, माणूस अगदी जवळ आल्यावरच उडायचे, आणि ताणाचं हार्मोनही त्यांच्यात कमी चढायचं. मग दोन्हीकडची नुकती घरट्याबाहेर पडलेली पिल्लं आणून अगदी एकसारख्या पक्षीघरात, तेच खाणं, तीच माणसं, अशी जवळपास वर्षभर वाढवली. सवयीचाच खेळ असता तर दोन्ही सारखी व्हायला हवी होती. झाली नाहीत, फरक टिकून राहिला. म्हणजे काही दशकांत, आपल्या डोळ्यांदेखत, नव्या जागेने एका डोंगरी पक्ष्याचा स्वभाव खोलवर बदलला.

"म्हणजे शहरातले धीट आणि रानातले भित्रे, झालं"

इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. जर्मनीत म्युनिक शहरातली आणि जवळच्या जंगलातली ब्लॅकबर्डची पिल्लं (आपल्या कस्तुराच्या नात्यातला पक्षी) हाताने भरवून एकत्र वाढवली. ताणाचं हार्मोन शहरी पक्ष्यांत कमी चढलं, हे जंकोसारखंच. पण अशाच दुसऱ्या प्रयोगात, शहरी आणि रानटी ब्लॅकबर्ड एकत्र वाढवून त्यांच्या खाण्याजवळ अनोळखी वस्तू ठेवली, तेव्हा शहरी पक्षीच जास्त बिचकले.

विचार केला की पटतं. शहरात माणूस बहुतेक वेळा काही करत नाही पण नव्या वस्तू सारख्या येत असतात आणि त्यातल्या कित्येक जीवघेण्या असतात. म्हणजे माणसाला न घाबरणं आणि वस्तूला घाबरणं दोन्ही एकाच पक्ष्यात असू शकतं. अमेरिकेतल्या साँग स्पॅरोमध्ये गावाकडे धीट पक्षी भांडखोरही असतो, शहरात दोन्ही गुण जास्त पण त्यांची एकमेकांशी गाठ सुटलेली. जागा नुसतं धीटपणाचं बटण वर-खाली करत नाही, कुठला गुण कुठल्या गुणाबरोबर राहील हेही बदलते.

"जीन सापडला असेलच मग"

सापडला होता. २००७ मध्ये ग्रेट टिटच्या डीआरडी४ नावाच्या जीनमधल्या एका फरकाचा धुंडाळण्याच्या वेगाशी संबंध दाखवला गेला आणि बातम्या झाल्या. २०१० मध्ये चार ठिकाणच्या पक्ष्यांवर तेच तपासलं तर फक्त एका ठिकाणी, हॉलंडमधल्या वेस्टरहाइडला, तो संबंध दिसला. स्वभाव अनेक जीन आणि अनेक परिस्थितींनी मिळून बनतो, एका जीनवर हेडलाइन दिसली की मी तरी दोन वर्षं थांबतो.

"शेवटी धीट तोच जगणार ना"

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. धीट पक्ष्याला जास्त खाणं मिळतं, चांगली जागा मिळते, तर मग बुजरे इतकी वर्षं टिकले कसे?

उत्तर परत हॉलंडच्या ग्रेट टिटमध्ये आहे. तिथे बीच नावाचं झाड असतं, ते दर वर्षी फळत नाही, एखाद्या वर्षी बियांचा सडा पडतो आणि मधली वर्षं कोरडी जातात. हिवाळ्यात टिटचं पोट त्या बियांवर. शास्त्रज्ञांनी सलग वर्षांचा जगण्या-मरण्याचा हिशोब मांडला, तो २००४ मध्ये छापून आला. बियांची टंचाई असलेल्या वर्षी वेगवान माद्या जास्त जगल्या, कारण खाण्यासाठी मारामारी होती. पण त्याच वर्षी नरांमध्ये मात्र सावकाश नर जास्त जगले, कारण बरेच पक्षी मेल्यामुळे वसंतात जागेसाठी भांडायला कोणी फारसं उरलं नव्हतं आणि भांडखोरपणा फुकट जात होता. बिया भरपूर आल्या त्या वर्षी सगळं उलटं. कुठलाच स्वभाव कायमचा जिंकत नाही, आणि म्हणून सगळेच स्वभाव शिल्लक राहतात.

यातून मी जे समजलो ते असं, एखाद्या रानात पन्नास दयाळ आहेत म्हणजे पन्नास सारखे दयाळ नाहीत, त्यात वेगवेगळ्या प्रकारच्या वर्षांसाठी वेगवेगळे दयाळ आहेत. ते मिश्रण हीच त्यांची ताकद.

गोव्यात याचा अर्थ काय

वरची सगळी कामं युरोप, अमेरिका, न्यूझीलंडमधली. पण आपल्याकडची जमीन बघा. समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत आपलं राज्य जेमतेम साठेक किलोमीटर रुंद, आणि तेवढ्यात खारफुटी, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), भाताची शेतं, सडे (उघडी खडकाळ पठारं), कुळागरं, देवराया आणि मग मोले-नेत्रावळी-म्हादईची जंगलं. चोडणच्या खारफुटीतून निघून दुपारपर्यंत सुर्ल्याच्या घाटात शीळ घालणारा कस्तूर ऐकता येतो. एवढ्याशा राज्यात इतक्या प्रकारच्या जागा, म्हणजे इतक्या प्रकारच्या स्वभावांना थारा. बसस्टँडवरचा दयाळ आणि कुळागरातला दयाळ एकाच राज्यात राहतात ते याचमुळे.

आता आपण काय करतोय? सडा, कुळागर, जंगलाची कड, सगळ्याचं रूपांतर एकाच प्रकारच्या जागेत होतंय: व्हिला, कंपाउंड वॉल, लॉन, शोभेची चार झाडं, रात्रभर दिवे. तिथेही पक्षी येतात, कोणीही सकाळी गॅलरीत उभं राहून बुलबुल, शिंजीर, दयाळ, शिंपी मोजून दाखवेल आणि म्हणेल की बघा, गेले कुठे, सगळे आहेत. जातींच्या यादीत फरक दिसणार नाही. पण ड्युनेडिनच्या बागेने जे शिकवलं ते खरं धरलं, तर त्या लॉनवर आलेले दयाळ हे आधीच्या दयाळांमधले धीट तेवढे असणार, आणि बुजऱ्यांना जायला शांत कोपरा उरला असेल तर ते तिथे, नसेल तर कुठेच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात नुसती जातींची यादी जोडून पक्ष्यांचा विषय संपवणं ही मोठी चूक आहे.

"बदल्यात दुसरीकडे झाडं लावू" यालाही हेच उत्तर. झाडं लावून सावली येईल, पण कुठल्या पक्ष्याला किती शांतता लागते, दाट झुडूप किती लागतं, माणूस किती लांब लागतो, हे झाडांच्या संख्येत बसत नाही. कुळागराच्या पाठीमागची न साफ केलेली झाडी, ओहोळाच्या काठचं गचपण, ज्याला आपण "रान माजलंय" म्हणून कापायला माणूस लावतो, तीच बुजऱ्या पक्ष्यांची जागा असते.

"मग आम्हाला बुजरे पक्षी दिसत का नाहीत"

कारण ते बुजरे आहेत, आणि ही शास्त्रज्ञांनाही छळणारी अडचण आहे. हंगेरीत कॉलर्ड फ्लायकॅचर पक्ष्यांवर काम करताना दिसलं की धोका पत्करणारे नर जाळ्यात सहज सापडतात. ग्रेट टिटमध्ये आवाज लावून पकडायला गेलं तर सावकाश पक्षी कमी येतात. म्हणजे पकडलेल्या पक्ष्यांवरून सगळ्या पक्ष्यांबद्दल बोलताना जपून बोलायला लागतं. पक्षी बघायला जाताना मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असल्या आवाजाला धावून येणारा बहुतेक वेळा भांडखोर नर असतो, तो आपलं घर राखायला आलेला असतो, आणि त्याचा बुजरा शेजारी गप्प बसून राहिला म्हणून तो तिथे नव्हता असं होत नाही.

ज्यांना हे स्वतः बघायचंय त्यांच्यासाठी उड्डाण-अंतर हा सगळ्यात सोपा रस्ता. पकडायचं काही नाही, रानपक्षी पकडणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, कडी घालायलाही सरकारी परवानगी लागते. दयाळ घ्या, कारण नर आपली जागा धरून असतो आणि रोज त्याच त्याच खांबावर, त्याच फांदीवर गातो, त्यामुळे तोच पक्षी परत सापडण्याची शक्यता चांगली. पक्षी जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर असताना नेहमीच्या चालीने सरळ त्याच्याकडे चालायचं, न थांबता, न डोकावता. तो उडाला की जिथे आहात तिथेच थांबून त्याच्या बसलेल्या जागेपर्यंतची पावलं मोजायची. रोज एकदाच, शक्यतो त्याच वेळेला, आणि कपडे वगैरे साधेच, भडक नकोत. आकडे रोज थोडे हलतील, एखाद्या दिवशी मांजर येऊन गेलेलं असेल, पण घराजवळचा एक आणि कुळागरातला एक असे दोघांचे आकडे शेजारी लिहीत गेलात की कोण कसा ते वहीत दिसायला लागेल. एकच काळजी, पावसाआधीच्या महिन्यांत चोचीत किडा घेऊन जाणारा दयाळ दिसला की समजा जवळ घरटं आहे, मग पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या बाजूला मोजायला जायचं नाही.